शेवटच्या नळाचं पाणी

पहाटे 3.20

थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची आहे. साडेबाराला येते, साडेआठला जाते. त्यामुळं नानांचा दिवस तीनलाच उगवतो. मांजरेच्या काठावर गावची विहीर, विहिरीला लागून पत्र्याची खोली. कुलूप काढल्यावर नाना लगेच आत जात नाहीत. आधी दारामागं काठी फिरवतात. पावसाळ्यात तिथं साप येऊन बसतो. मग बटण दाबतात. स्टार्टरमध्ये खट्ट झालं, दहा हॉर्सपॉवरची मोटार खाली पाण्यात घुमली आणि पाइप हादरला. नाना पाइपावर तळहात ठेवून थांबले. "चढलं पाणी," म्हणाले.

केज तालुक्यातलं हे आठवडी बाजाराचं गाव. वस्ती सहा हजारांच्या आसपास. पाण्याची योजना साधी आहे. विहीर, मोटार, दीड किलोमीटर पाइप, लाख लिटरची उंच टाकी, तिथून नळ. मध्ये गाळण्याची काही सोय नाही. नाना इथले जलसुरक्षक. हा शब्द कागदावरचा. गावात ते पाणी सोडणारे नाना. माझं नाव छापू नका, गावाचंही नको, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्यांनी काचेची बाटली भरली आणि बल्बसमोर धरली. बाटलीपलीकडची बोटं धूसर दिसत होती. "काल पाटोद्याकडं पडला असंल." मांजरा तिकडं बालाघाटाच्या डोंगरात उगवते. तिकडं आर्द्राचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी इथल्या विहिरीचा रंग बदलतो.

मग त्यांनी मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. आशाताईंनी पाठवलेला. लहानशी काचेची बाटली, आत काळंभोर पाणी. आरोग्य खात्याकडून मिळणारी ही तपासणीची बाटली आहे. तीत नळाचं पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातले जंतू आहेत असं समजायचं. हे पाणी ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाचं होतं. गावाचे चार भाग आहेत, एकेका भागाला चौथ्या दिवशी पाणी मिळतं. आज पुन्हा त्याच भागाची पाळी.

"तवापासून झोप नाय नीट," नाना म्हणाले आणि त्यांनी बॅटरी उचलली.

पहाटे 4.30

मोटार चालू ठेवून नाना पाइपाच्या कडेनं गावाकडं निघतात. पाइप शेतांच्या बांधाबांधानं जातो. पेरणीचे दिवस आहेत. ट्रॅक्टरचा फाळ लागून पाइप फुटल्याचं मालकालाही कळत नाही. नाना चालताना खाली कमी बघतात, ऐकतात जास्त. एका बांधाशी थांबले. सूं असा बारीक आवाज. जोडातून पाणी उडत होतं. त्यांनी पिशवीतून ट्यूबची पट्टी काढली, जुन्या सायकलच्या ट्यूबची. ताणून सात-आठ वेढे दिले आणि गाठ मारली. आवाज बंद झाला.

अशा पट्ट्यांचं बंडल पिशवीत कायम असतं. पंक्चरवाला फुकट देतो. बदल्यात त्याच्या टपरीमागचा नळ नाना कधी चुकवत नाहीत.

मोटारसायकल आहे, पण या वाटेवर चिखलात ती चालत नाही. गावात फिरायला लागतेच. पेट्रोल स्वतःचं. महिन्याला हजार-अकराशे.

सकाळी 6.00

टाकीखाली एक खोली आहे. तिथं प्लास्टिकच्या पिंपात टीसीएलची गोणी, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. गावोगावी ब्लीचिंग पावडरीला टीसीएलच म्हणतात. गोणी पंचवीस किलोची. आधी ती पंचायतीच्या ऑफिसात असायची. तिच्या वाफेनं तिथल्या लोखंडी कपाटाला गंज चढला, आणि गोणी उघडी राहून पावडर मेली. मेली म्हणजे तिच्यातलं क्लोरीन उडून गेलं. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. ते 20 टक्क्यांच्या खाली गेलं की पावडर वापरायची नाही, असा आपल्या राज्यातला दंडक आहे. दिसायला मेलेली पावडर जिवंतासारखीच पांढरी असते. तेव्हा नानांनी भाऊसाहेबांच्या, म्हणजे ग्रामसेवकांच्या मागं लागून गोणी इथं आणली.

हिशेब त्यांना पाठ आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम. लाखाच्या टाकीला अर्धा किलो. त्यासाठी तुपाचा एक डबा ठरलेला आहे, खिळ्यानं आतून रेघ मारलेली. रेघेपर्यंत अर्धा किलो. आज त्यांनी रेघेच्या वर घेतलं, पाऊण किलोच्या आसपास. "गढूळ पाणी औषध खातं." त्यांच्या बोलण्यात शास्त्र पुरतं आहे. क्लोरीन माती आणि कुजका पाला यांच्यावर खर्च होतं, आणि जंतू मातीच्या कणाआड लपून वाचतात.

तोंडाला रुमाल. हातमोजे मिळाले होते, ते फाटले. बादलीत आधी थोडंच पाणी टाकून पावडर कालवायची, गुठळ्या मोडायच्या. मग बादली भरायची, काठीनं ढवळायचं आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. खाली चुना बसतो, वर निवळी येते. टाकीत फक्त निवळी जाते. पावडर तशीच टाकीत ओतणारी गावं आहेत. त्यानं टाकीच्या तळाशी चुन्याचा थर साठतो आणि पाण्याला फायदा अर्धाच होतो.

निवळी दुसऱ्या बादलीत घेतली. दोर कमरेला बांधला आणि नाना शिडी चढू लागले. टाकी चाळीस फूट. शिडीच्या खालून चौथ्या गजाला वेल्डिंग हवं आहे. तिथं ते पाय कडेला टाकतात. वर पोहोचून बादली ओढून घेतली. टाकीत वरून पाणी पडतच होतं, त्या धारेखालीच निवळी ओतली. धार पाणी फिरवते, त्यामुळं औषध सगळीकडं जातं. खाली आल्यावर त्यांनी हात बघितले. बोटांच्या पेरांना चिरा आहेत. रात्री खोबरेल लावतात. मीठ-मिरचीत हात गेला की झोंबतं.

सकाळी 7.00

टाकी भरली, मोटार बंद केली. आता अर्धा तास काही करायचं नाही. क्लोरीनला जंतू मारायला एवढा वेळ लागतो. नानांच्या सगळ्या दिवसात या अर्ध्या तासासाठीच त्यांना सर्वांत जास्त भांडावं लागतं. टाकीसमोरच्या हॉटेलात चहा घेतला, दहा रुपये. तेवढ्यात तीन फोन आले. पोरांची शाळा आहे. बाईला रानात जायचंय. दहा मिनिटं आधी सोडलं तर काय बिघडतं?

"साडेसात," नाना प्रत्येकाला एवढंच म्हणाले.

मला वाटतं, गावाच्या पाण्याची सुरक्षितता मोजायची तर मशिनरीच्या आधी हे बघावं. अर्धा तास थांबणारा माणूस गावात आहे का, आणि त्याला गाव थांबू देतं का.

सकाळी 7.30

व्हॉल्व्हचा खड्डा चौकात, गटारीला लागून. झाकणाची फरशी सरकवली. आत गुडघाभर काळं पाणी. रात्रीच्या पावसानं गटार त्यात उतरलं होतं. नाना डब्यानं पाणी उपसत बसले. पन्नासेक डबे निघाले. मग लोखंडी चावी घातली, चार फूट लांब, वर आडवी दांडी. दोन्ही हातांनी फिरवली. खाली घरघर झाली. मोकळ्या पाइपातली हवा पुढं पळत होती.

नळांना चौथ्या दिवशी पाणी येतं तेव्हा मधले तीन दिवस पाइप रिकामा असतो. पाणी सोडलं की तो भरतो, बंद केलं की आतलं पाणी उताराला ओसरतं आणि मागं पोकळी राहते. जिथं जोड सैल असेल तिथून ती पोकळी बाहेरचं ओढून घेते. बाहेर जे असेल ते. पाइप गटारीतून जात असेल तर गटार. पाणी अखंड येत असेल तर आतला दाब घाण बाहेरच ठेवतो. पाणी किती येतं हा प्रश्न आणि पाणी कसं आहे हा प्रश्न आपण वेगवेगळे मांडतो. इथं खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की ते एकच आहेत हे दिसतं.

नाना गल्लीतून ओरडत निघाले. "पहिलं पाणी भरू नका! पाच मिन्टं जाऊ द्या!" पहिलं पाणी लालसर आलं. बऱ्याच जणींनी ते अंगणात सोडलं, सड्याला, म्हशीला. काहींनी घागर लावलीच.

सकाळी 8.10

बहुतेक घरांसमोर फूट-दीड फुटाचा खड्डा. दाब कमी, म्हणून नळ जमिनीखाली नेलेला. नळाला तोटी नाही. पाणी आलं की खड्ड्यात भांडं ठेवायचं, भरलं की काढायचं. पाणी गेलं की खड्ड्यात सांडलेलं तिथंच राहतं आणि उघड्या नळातून परत आत जातं. दरवर्षी पाण्याच्या सर्व्हेत हेच लिहून येतं. तोट्या बसवा, गळत्या काढा, व्हॉल्व्हचे खड्डे बांधा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सर्व्हे होतो आणि त्यावर गावाला कार्ड मिळतं. जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. इथलं सध्या पिवळं आहे.

दोन घरांत मोटारींचा आवाज. नळाला थेट मोटार लावली की पुढच्यांचं पाणी ओढलं जातं, आणि गळक्या जोडातून गटारही. नानांनी दार वाजवलं. मोटार बंद झाली. ते वळणावर गेले, मोटार सुरू झाली. ते परत आले.

"नाना, पाण्याला वास कामून मारायलाय आज?" ओट्यावरून एक मावशी म्हणाल्या.

"औषधाचा हाय. वास हाय तर भ्यायचं काम नाय, मावशी. तासभर झाकून ठेव, जातो."

"चहाला लागतो ना तो वास."

चार दिवसांनी येणारं पाणी. त्याला वास आला की लोक सरपंचांना फोन करतात, सरपंच नानांना सांगतात, पावडर जरा कमी टाका. नाना हो म्हणतात आणि रेघेपर्यंतच घेतात.

सकाळी 8.50

ओढा ओलांडला की वस्ती. चाळीसेक घरं, सगळी ऊसतोडीला जाणारी. दिवाळीआधी कोयते घेऊन जातात, गुढीपाडव्याच्या सुमारास येतात. त्या काळात इथले नळ कोरडे असतात, पाइपात गाळ बसतो. कारखान्याच्या तळावर कुठलं पाणी मिळतं, असं एका बाईंना विचारलं. "मिळंल ते," त्या म्हणाल्या. "पाटाचं, बोअरचं. तिथं कोण बघतंय औषध."

शेवटचं घर. आक्कांचा नळ. धार करंगळीएवढी. नानांनी आधी तो पाच मिनिटं वाहू दिला. मग खिशातून क्लोरीन तपासायचा ओटीचा संच काढला. काचेची नळी, थेंबांची बाटली, रंगांची पट्टी. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. जेवढं जास्त तेवढं गर्द. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणं नळाशी लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. म्हणजे फिकट पिवळा रंग तरी यायला हवा.

रंग आला नाही. नळी उजेडाकडं धरली, पांढऱ्या कागदासमोर धरली. पाणी होतं तसंच. पाऊण किलो पावडर टाकून शेवटच्या नळाला शून्य.

"आक्का, हे भरलेलं ओतून द्या."

आक्कांनी दोन घागरी आणि एक हंडा भरला होता. त्यांनी नानांकडं बघितलं. वाद घातला नाही. त्यांच्या नातवाला गेल्या आठवड्यात जुलाब झाले होते. केजला सलाईन लावून आणला. त्यांनी हंडा उचलून लिंबाच्या बुडाशी ओतला.

सकाळी 9.15

आता नाना उलटे चालू लागले. शेवटच्या घराकडून गावाकडं, नळ-नळ तपासत. दुसरं घर, शून्य. चौथं, शून्य. वस्तीतलं पहिलं घर, शून्य. ओढ्यावर लहान पूल आहे. पुलापलीकडं, गावाच्या अंगाला, किराणा दुकान. दुकानासमोरच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं! चांगलं गर्द पिवळं.

पुलाच्या एका अंगाला औषध आहे, दुसऱ्या अंगाला नाही. मध्ये पंचवीस-तीस पावलं. नाना पुलावर बसले, खाली बघत. पुलाखालून गावाचं गटार ओढ्याला मिळतं आणि वस्तीचा पाइप त्याच गटारीच्या तळातून जातो. चोर सापडला होता.

औषधाचं दुसरं काम हे आहे. टाकीत ते जंतू मारतं. पाइपात ते राखण करतं. आणि जिथं ते अचानक संपतं तिथं घाण आत शिरते आहे, हे दाखवून देतं. नानांकडं पाइप तपासायचं दुसरं यंत्र नाही. दोन-चार थेंब आणि एक काचेची नळी, एवढंच.

त्यांनी मागं जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. टाकीत अजून चाळीसेक हजार लिटर होतं. ते वस्तीसाठी ठेवायचं होतं. गावातल्या मधल्या गल्लीचा पाव तास त्यात गेला. शिव्या आल्या. नाना मान खाली घालून पुढं गेले.

सकाळी 10.00

सामान. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन कपलिंग घेतली, नव्वद रुपये. सोल्युशनची डबी सत्तर. हॅक्सॉचं पान पंचवीस. पाइपाचा तुकडा टाकीखालच्या खोलीत पडलेला होता. दुकानदार उधारी लिहीत नाही. पंचायतीची मागची बाकी आहे. नानांनी खिशातून दिले आणि पावती मागून घेतली. खांदायला एक गडी लागणार. दिवसाचे पाचशे. अर्ध्या दिवसाला तीनशेवर मिटलं.

टिकाव, फावडं, घमेलं, पहार. आधी गटार अडवायचं. वर मातीचा बांध घातला, पोत्यांत वाळू भरून लावली. पाणी तरी झिरपतच होतं. गडी उपसत होता, नाना खांदत होते. गुडघ्यापर्यंत गाळ. दीड फुटावर पाइप लागला. टिकाव ठेवला, हातानं माती काढायला लागले. टिकावाचा घाव बसला तर पाइप दुसरीकडंच फुटेल. नानांनी बोटं पाइपावरून सरकवली आणि थांबली. जोडाला बोटभर भेग. भेगेत प्लास्टिकची पिशवी अर्धी आत ओढली गेलेली. ती पाइपानं ओढली होती, पाणी ओसरताना.

तुटका भाग करवतीनं कापला. सोल्युशन ओल्या पाइपाला धरत नाही. धोतराच्या फडक्यानं पुसलं, परत ओलं. पुसलं, परत ओलं. शेवटी गड्यानं वाळल्या पाचटाची मूठ आणि जुनं वर्तमानपत्र आणून पेटवलं. त्या धगीवर पाइपाची टोकं सुकवली. मग सोल्युशन लावलं, कपलिंग ठोकून बसवलं, दाबून धरलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. पाइप गटारीतून काढून पुलाच्या कठड्यावरून न्यायला हवा. हे नाना तीन वर्षं सांगत आहेत. त्याला क्लॅम्प लागतील, लोखंडी पाइप लागेल.

सगळं व्हायला पावणेएक वाजला.

दुपारी 1.10

पुलाखालून निघाल्यावर नानांनी हातपाय तीनदा धुतले, साबणानं. मग जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, वरण. घरात माठ ओट्यावर, झाकलेला, वर लांब दांड्याचं ओगराळं. माठात हात घालायचा नाही, ही ताकीद त्यांच्या नातींनाही आहे. पाणी चौपदरी फडक्यानं गाळलेलं. दुसरं काही यंत्र नाही. गावाला जे सोडतात तेच ते पितात.

या कामाला ते लागले 2016 च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इकडं गावोगावी टँकर. टँकर आला की त्यात टीसीएल टाकायचं आणि रांग लावायची, एवढंच तेव्हा काम होतं. "त्या साली लोकं म्हणायची, कसलं बी चालंल, पाणी द्या. आता म्हणतात वास येतो. बरंय. म्हणजे पाणी हाय."

दुपारी 2.30

पंचायतीचं ऑफिस. ओटीच्या नोंदवहीत आजचे आकडे. किराणा दुकान 0.5. वस्ती, शेवटचा नळ, 0. बाजूला शेरा: पुलाखाली जोड फुटलेला, दुरुस्त केला. काही वह्यांत वर्षभर रोज 0.2 लिहिलेलं आढळतं, एकाच पेनानं. नानांच्या वहीत शून्य आहेत. मला त्या शून्यांचा आदर वाटतो.

हातात महिन्याला साडेआठ हजार पडतात. गेल्या दोन महिन्यांचे बाकी आहेत. पगाराचा एक वाटा सरकारचा, एक पंचायतीचा. पंचायतीचा वाटा पट्टीच्या वसुलीतून येतो, आणि सरकारच्या वाट्यालाही वसुलीची अट. पाणीपट्टी वर्षाला नऊशे. म्हणून दुपारी नाना पावतीपुस्तक घेऊन हिंडतात. आज तीन घरं झाली. एकानं दोनशे दिले. बाकीच्यांनी पोळ्यानंतर या म्हणून सांगितलं.

गाव किती पाणी पितं, याचा हिशेब मी तिथंच बाकावर बसून केला. लाख लिटर, पंधराशे माणसं, चार दिवस. माणशी रोजचे सतरा लिटरही होत नाहीत. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं माणशी 55 लिटर ठरवलं आहे. बाकीचं लोक कुठून तरी आणतात. बोअर, शेजाऱ्याची विहीर, जार.

दुपारी 3.40

आशाताई आणि आरोग्यसेवक आले. प्रयोगशाळेचा नमुना घ्यायचा होता. जंतू तपासायची बाटली निर्जंतुक केलेली, कागदात गुंडाळलेली. नळाचं तोंड आधी पेटत्या बोळ्यानं शेकलं. मग पाणी घेतलं, झाकण आतून न शिवता लावलं, बाटली बर्फाच्या डब्यात. चोवीस तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. नाना एकदा स्वतः बाटल्या घेऊन बीडला गेले होते. नेकनूर, मांजरसुंबा, घाट उतरून. वाटेत खजाना विहीर लागली. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. जमिनीखालच्या कालव्यांतून तिचं पाणी आपोआप उताराला शेतांना जातं. नाना बराच वेळ वाकून बघत राहिले होते. "मोटार नाय, लाइट नाय," ते म्हणाले.

आशाताईंनी वस्तीत घरोघर मेडिक्लोरच्या, म्हणजे घरच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या, बाटल्या वाटल्या. कुणाला उलट्या-जुलाब आहेत का, विचारून वहीत लिहिलं. दोन लेकरं निघाली. ओआरएसची पाकिटं दिली. एका आईला त्यांनी समोर बसवून पाकीट कालवायला लावलं, लिटरभर मोजून.

संध्याकाळी 5.15

परळीकडून आलेली एक लहान दिंडी आज शाळेत मुक्कामाला आहे. दोन-अडीचशे माणसं. पंढरपूरला निघालेली. भेगाळलेले पाय, ओल्या पिशव्या, वीणा. शाळेच्या आवारात पाच हजार लिटरची काळी टाकी टँकरनं भरलेली. नानांनी चमच्यानं पावडर मोजली, पंचवीस ग्रॅम. कालवलं, निवळी टाकली, आणि टाकीच्या तोटीपाशी स्वतः उभे राहिले. अर्धा तास. एक म्हातारे वारकरी तांब्या घेऊन आले. "माउली, थोडं थांबा." ते तांब्या मांडीवर ठेवून तिथंच बसले.

पंगतीसाठी सरपंचांनी तीस जार मागवले होते. थंड पाण्याचे, वीस रुपयांचा एक. सहाशे रुपये. पाणी स्वच्छ, चवीला गोड. नानांनी एका जारचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग आला नाही. यंत्रातून पाणी जाताना क्लोरीन आधीच काढून टाकलेलं असतं. म्हणजे जार भरताना पाणी चांगलं असेल, तरी पुढं राखण कुणाचीच नाही. जार कुणी धुतला, कशानं धुतला, बुचाला कुणाचा हात लागला, त्यावर सगळं. काळ्या टाकीतलं वासाचं पाणी मात्र पिवळं झालं. लोकांनी जारपाशीच गर्दी केली.

नानांनी कुणाला अडवलं नाही. फक्त जारची ग्लासं राखेनं घासून मग औषधाच्या पाण्यानं विसळून घ्यायला लावली.

संध्याकाळी 6.40

वस्तीसाठी राखलेलं पाणी सोडलं. गडी पुलाखाली जोडापाशी बॅटरी घेऊन बसला. थेंब नाही. नाना शेवटच्या घरी. नळातून आधी हवा, मग गाळ, मग काळपट पाणी. ते पंधरा मिनिटं वाहू दिलं. चांगलं पाणी आल्यावरही आणखी दहा मिनिटं. लोक भांडी घेऊन उभे होते. सगळ्यांचे डोळे नळीवर.

थेंब टाकले. हलवलं. फिकट पिवळं. पट्टीशी लावलं, 0.2 च्या खिडकीशी जुळलं.

"भरा," नाना म्हणाले.

आशाताईंनी दिलेली नवी बाटली त्यांनी त्याच नळाखाली भरली. झाकण लावलं, कागदाच्या चिठ्ठीवर तारीख आणि वेळ लिहून रबरानं बांधली. ती आक्कांच्या कोनाड्यात उन्हापासून आड ठेवली. पोरांचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर.

"परवा संध्याकाळपर्यंत उकळूनच प्या. लेकरांना तर उकळल्याबिगर देऊच नका. परवा मी येऊन बाटली बघतो."

"आन् काळी झाली तर?" आक्कांनी विचारलं.

"तर पुलाच्या अलीकडं खांदायचं. तिथं अजून एक जोड हाय."